करडी लोकर

अहवाल मी लिहिला. अडीच पानं.
'कारण' या रकान्यात एकच शब्द: लाट.
बंदर कार्यालयाचा शिक्का मारून
मार्युनबाईंच्या हातात दिला.
त्यांनी वाचला, शेवटचं पान उलटलं,
मागे आणखी काही लिहिलंय का पाहिलं.

"लाट? माझ्या होग्नीला?
सहाव्या वर्षापासून वल्हं धरणाऱ्याला?"

कावळा बसला नि फांदी मोडली म्हणावं
तर या फेरो बेटांवर फांद्याच नाहीत.
नुसतं गवत, मेंढ्या, वारा,
आणि चारी बाजूंनी ते,
ज्याला कोर्टात उभं करता येत नाही,
ज्याच्या दारात जाऊन
शिव्यासुद्धा घालता येत नाहीत.

पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी स्वेटर उसवला,
होग्नीच्या मापाचा, एकच बाही झालेला,
आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर
खिळ्यामागून खिळ्याला ती लोकर गुंडाळत नेली.
इथे पाणबुडी.
इथे दोनदा नाव बदललेलं परदेशी जहाज.
इथे त्या रात्री विझलेला धक्क्यावरचा दिवा.
(दिवा खरंच विझला होता.
बल्ब कोपनहेगनहून यायचा होता.)

शेजारी आधी नुसते कॉफीला येत,
मग आपापले खिळे घेऊन येऊ लागले.
योआन्नेसच्या बायकोचा कॅन्सर
त्याच लोकरीला येऊन मिळाला.
मासळीचा कारखाना मिळाला.
इतकी माणसं त्या घरात
होग्नीच्या बारशालाही नव्हती.

काल भरपाईचे कागद घेऊन गेलो
तर भिंतीवर माझा फोटो.
वर, उजवीकडे, मंत्र्याच्या शेजारी.
कार्यालयातला हीटर
तीन वर्षांत दुरुस्त करून घेता न आलेला मी
तिथे समुद्र चालवत होतो.

खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं.
कुणीतरी चालवतंय.
म्हणजे थांबवताही आला असता.

"कॉफी घ्या," त्या म्हणाल्या.
माझ्यासारख्यालाही त्यांनी चांगला कप काढला.
"एवढंच सांगा,
लाट लिहायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

बाहेर पाणी सपाट होतं,
काही केलंच नसल्यासारखं.
"कुणीच नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, सगळं कळल्यासारखी,
आणि माझ्या खिळ्याभोवती
लोकरीचा आणखी एक वेढा दिला,
हळूच,
बाहेर निघालेल्या मुलाच्या गळ्याभोवती
देतात तसा.