दोन अंश

नेस्तानने किल्ली दिली तेव्हा
दुकानात कपडा म्हणून एक पिठाचं फडकं होतं
आणि जमिनीत गोल भोक,
माणूस कमरेपर्यंत आत वाकेल एवढं.
अवलाबारीच्या चढणीवर चाळीस वर्षं
वाझा इथे पाव लावायचा,
भट्टीच्या मातीला आतून,
होडीसारखे लांबट;
चिकटायचे, फुगायचे, सळईला लागून वर यायचे.

"हे बुजव," नेस्तान म्हणाली,
"आणि सगळं पांढरं."

पांढरं म्हणजे कुठलं, हे तिला ठाऊक नव्हतं.
मी भिंतीवर अकरा पट्टे ओढले :
दुधाचा, चुन्याचा, अंड्याच्या टरफलाचा,
इस्पितळातल्या धुतलेल्या चादरीचा.
तिने नेमका तोच निवडला.
मी नाव सांगितलं नाही.

तीन हात झाले तरी धूर वर येत राहिला,
चहा सांडल्यासारखा, दक्षिणेच्या कोपऱ्यात.
झुरा रंगारी शिव्या घालत चौथा हात मारत होता,
आणि मी सांगत होते, तिथे काळे कोट लावू,
धूर काय, कोणाच्या बापाला दिसणार नाही.

दांडा खांद्याच्या थोडा खाली.
दोन कोटांत चार बोटं अंतर;
दाटीवाटीत रेशीमसुद्धा रडवेलं दिसतं.
दिवे पिवळे, पण चेहऱ्यावर, डोक्यावर नाही :
वरून पडणारा उजेड माणसाला दहा वर्षं म्हातारं करतो
आणि म्हातारं माणूस पाकीट उघडत नाही.
हे सगळं मला येतं.
याचेच पैसे मिळतात.

भट्टी मी फोडली नाही.
वाळूने भरली, वर ओकच्या फळ्या,
आणि तिच्याच काठावरून फिरवली
कपडे घालून बघायची खोली, गोल.
पडद्याचा दांडा ओतारने तीनदा वाकवला,
तीनदा अंडाकृती झाला,
चौथ्यांदा त्याने मला विचारलं नाही,
भट्टीच्या काठावर दोरी ठेवून माप घेतलं.

राहिला आरसा.
"दोन अंश मागे झुकव," नेस्तान म्हणाली.
मी खालच्या चौकटीखाली पाचर ठोकली.
बातुमीत ठोकली आहे, कुताइसीत दोन दुकानांत,
आणि त्या रात्री मला झोप लागली आहे,
चांगली गाढ.

उद्घाटनाला वाइन होती, ट्यूलिप होते,
उंच टाचांच्या बायका होत्या,
आणि त्सियाला, वाझाची बायको,
जिला कोणी बोलावलं नव्हतं.
तिने कोपऱ्यातला काळा कोट काढला,
किमतीची चिठ्ठी उलटी करून पाहिली,
जणू खरी किंमत मागच्या बाजूला असेल.
पडदा न ओढताच अंगात घातला.

आरशात पाहत राहिली.
"ही कोण?" म्हणाली.
"एवढी उंच तर माझी जाऊ होती.
मेली ती, आणि मला काही वाईट वाटलं नव्हतं."

मग कोटासकट खाली बसली,
फळ्यांवर तळवा टेकवला, तसाच ठेवला,
पाव झाला का बघावा तसा.
"खाली काय भरलंस?"
"वाळू."
"वाळू बरी," ती म्हणाली. "धरून ठेवते."
काय, ते बोलली नाही.
भट्टी तर दोन हिवाळे थंडच होती.

कोट तिने परत दांड्यावर लावला,
शेजारच्या कोटाला चिकटवून.
चार बोटांचं अंतर तिला कोण सांगणार.

सगळे गेल्यावर मी नाकाशी धरला तो कोट.
धूर होता. किंवा तिचा होता. सांगता येत नाही.

गुडघ्यांवर बसून पाचर थोडी बाहेर ओढली.
एक अंश काढला.
एक राहू दिला.
भाडं मलाही भरायचं असतं.