तीन मिनिटं

कळव्यात माझं दुकान आहे, लग्नांचे व्हिडिओ कापायचं.
हळद चार मिनिटं, सप्तपदी दीड,
जांभया, रुसवे, पंगतीतली भांडणं उडवायची.
हात बसलाय.

शहापूर सोडून, डोळखांबच्याही वर
एसटी जिथं वळून परत फिरते त्या पाड्यावर
बायांना कॅमेरा शिकवायला गेलो.
म्हटलं, लाल टिंब दिसलं की तो ऐकतोय.
गोमी दरवडा म्हणाली, मंग उभा का ठेवलाय,
आणि त्याच्यासाठी पाट मांडला.

पाटावरून त्यानं पाहिलं ते असं:
पातेलं. पाणी. मीठ, मूठ मूठ.
भाताचं बी ओतलं, कोपरापर्यंत ढवळलं,
आणि गोमी हात पुसून बसली.
तीन मिनिटं.
पाणी फिरायचं थांबतं. एक कोंबडी आडवी जाते.
कुणीतरी खोकतं.
पोचट दाणे सावकाश वर येतात,
भरलेले तळ धरतात.

मी कापलं. ओतलं, तरंगलं. चार सेकंद.
वर बासरी लावली.

शाळेच्या भिंतीवर चादर, पोरं पुढं, म्हातारे मागं.
बासरी वाजली तशी गोमी उठून उजेडात आली,
तिच्या कपाळावर तिचंच पातेलं.
"माझं वाट बघणं कुठं गेलं?
हे बघून बाया फिरत्या पाण्यातच उपसतील,
पोचटासंगं भरलेलंबी जाईल."

मागून शिवा पादीर, "मीठ कमी पडलंय.
अंडं टाकून बघायचं. तरंगलं तर पुरं."
"अंडं तू देणार?"
"कोंबडी आत्ताच गेली की चादरीवरून!"
"आन् दोन पाण्यांनी धुवायचं कोण सांगंल?
मिठाचं बी पेरून काय उगवणार, तुझं डोकं?"
हशा, शिव्या, मग हिशेब:
किती पाण्याला किती मीठ.

मी सामान आवरायला वळलो
तर सुगंधाच्या हातात लाल टिंब.
केव्हापासून, विचारलं.
म्हणाली, तुमची बासरी चालू झाली तेव्हापासून.
तोच आता दुसरा भाग आहे.

पहिल्यात तीन मिनिटं परत घातली.
खोकला घातला. कोंबडी राहिली होतीच.

रात्री दुकानात दुसऱ्या पडद्यावर उद्या द्यायचं लग्न:
मांडवाच्या खांबाला टेकून नवरीची आई,
काही करत नाही, नुसती उभी.
बोट सवयीनं बटणावर गेलं.
उचललं.
म्हटलं, पाणी थांबू दे.