आगाऊ

आज घेतला तर तीनशे, गेटवर पाचशे.
लॉ कॉलेज चौकात बोटांवरची तर्री चाटत
खोब्रागडे सीनियर म्हणतो,
"ठरव ना बाप्पा, पास संपून राह्यले."

संपत नाहीत. गठ्ठा दिसतोय खिशातून.

तीनशे म्हणजे मेसचे चार दिवस.
आणि पंधरा दिवसांनी मला
फ्रेशर्सला कुणाशेजारी उभं राहायचं असेल,
आज काय माहीत?
बाबा सुतारालासुद्धा आगाऊ देत नाहीत.

रात्री हिमानी गेडाम, कूलरमध्ये बादली ओतताना,
पाठमोरीच:
"तू घेतला तर मी ब्रह्मपुरीले नाही जात त्या शनिवारी."

सकाळी सहाशे मोजले.
त्यानं माझं नाव विचारलं,
पासवर लिहिलं. चुकीचं.

मी दुरुस्त केलं नाही.
अजून पंधरा दिवस आहेत.