चार, दोन, एक

बफेलोत रात्री अकराला
सेगेन जेवणाची ताटं उचलते,
टेबल स्पिरिटनं पुसते, खल मांडते.
पस्तीस मिनिटं.
मुलगा घड्याळ लावून बसलाय
परीक्षकाचा चेहरा करून.

चार भाग तेल, दोन पाणी, एक डिंक.
घोटायचं एकाच दिशेनं, न थांबता,
मनगट भरून आलं तरी.
काल फाटलं. परवाही.
तेल वर, पाणी खाली,
जशी काही ओळखच नाही.

अस्मारात अकरा वर्षं तिनं औषधं दिली.
इथे दशांशचिन्हाआधीचं शून्य विसरलं
की नापास.

डिंकाची बरणी हुंगते.
वास कसलाच नाही. तरीही
आगोर्दातच्या वाटेवरचं काटेरी झाड,
सालीच्या चिरेतून ओघळून वाळलेला थेंब,
शेळ्यांमागे फिरताना चघळायची तो,
फुकट.
बरणीवर किंमत आहे: एकोणीस डॉलर.
ती हसते. मुलाला कळत नाही का.

पुन्हा घोटते.
बाहेर बर्फ ढकलणारी गाडी खरवडत जाते,
आणि ती गेल्यावर
बत्त्याखालून ऐकू येतं
चटचट, चटचट.
पांढरं, दाट, एकजीव.

ती बत्ता खाली ठेवते, हात पुसते.
"एकतीस," मुलगा म्हणतो.
मग चेहरा न बदलता:
"लेबल?"