समोरची खिडकी

मे महिना. पारा सेहेचाळीसच्या वर.
मानेवाड्याच्या आपल्या खोलीत कूलर गुरगुरतो आहे
आणि तू फोनवर एक निळा ठिपका पाहून राहिला, सम्यक.
ठिपका धरमपेठेतून निघाला,
शंकरनगर चौकात थांबला.
तुझा अंगठाही थांबला.

काहून बघतो बे असा?
"केतकी आहे. क्लास चारला सुटतो,
साडेचार झाले. थांबली कुठं, कोणासोबत?
काळजी वाटते ना, ताई."

काळजी.
हिला मी ओळखते. दोन वर्षं माझ्याकडे राहून गेली.
नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला
मेडिकलच्या गेटपर्यंत सोडायला यायची,
मग गेटच्या आतही.
शेजारी कोण बसलंय, फोटो पाठव.
वॉर्डात आहेस? मग भिंतीवरचं घड्याळ दिसू दे.
मी सलाइनची बाटली बदलायची
आणि घड्याळाचा फोटो काढायची.
पासवर्ड मीच दिला होता, हसत,
वाढदिवसाची भेट द्यावी तसा.
मग निलोफरशी बोलणं सुटलं,
मग बिनबाह्यांचा कुर्ता,
मग फुटाळ्यावरचं मक्याचं कणीस, मग मोठ्यानं हसणं.
त्यानं काही हिसकावलं नाही रे.
एमआरआयच्या आधी पेशंट दागिने काढून ठेवतो
तसं एकेक मीच काढून ठेवत गेले.

तुला वाटतं, मारलं तरच.
मारलं नाहीच. मनगट पिरगळलं, एकदा,
पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधोमध.
मग तो रडला
आणि मी त्याचे डोळे पुसले,
त्याच हातानं.
आईला सांगितलं, स्टुलावरून पडले.
तू सातवीत होतास.
बर्फ तूच आणून दिला होतास, टॉवेलात गुंडाळून.

कूलरचा पंप खरखरला.
तू म्हणालास, "मी काय तसा आहे का?"

नाहीस. म्हणून तर सांगून राहिले.
पहिल्या उन्हाळ्यात तोही नव्हता.

आणि सुटले कशी, विचारशील तर
निलोफरनंच एकदा कँटीनच्या जिन्यात अडवलं.
सोड त्याला, असं नाही म्हणाली.
एवढंच विचारलं, "भीती वाटते का तुला त्याची?"
घड्याळाचे शेकडो फोटो काढले होते मी,
हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.
उत्तर द्यायला मला अकरा दिवस लागले.

हे बघ, आपण नागपूरचे.
कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची
हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
सगळं बंद करून गारवा कोंडायला गेलं
की तासाभरात अंग चिकचिकतं,
चादर ओली, मीठ ओलं, जीव नकोसा.
वारा आत यायचा तर
त्याला बाहेर जाता यायला पाहिजे.

"आणि ती गेलीच तर?"
आता तुझा आवाज सातवीतला.

तर गेली.
रडशील. रड. मी आहे, दीक्षाभूमीपर्यंत चालत जाऊ,
परत येताना तर्री पोहे खाऊ,
नाकातून पाणी येईस्तोवर तिखट.
त्यानं कोणी मरत नाही.

तू लिहिलंस, खोडलंस. परत लिहिलंस.
मी खांद्यावरून वाचलं नाही,
तूच वाचून दाखवलंस:
"लोकेशन मी माझ्याकडून काढलं.
मी मागितलं म्हणून तू दिलं होतंस. मागायला नको होतं."
सॉरी लिहू का, विचारलंस.
वाटत असेल तर लिही, मी म्हणाले,
पण तिनं लगेच माफ करावं म्हणून नको.

पाच वाजले. निळ्या खुणा आल्या नाहीत.
सव्वापाच. तू तीनदा पाहिलंस.
चौथ्यांदा हात फोनकडे गेला आणि मध्येच वळला.
बादली भरलीस, कूलरमध्ये पाणी ओतलंस,
अर्धं फरशीवर.
मग खिडकीची गंजलेली कडी ओढत बसलास बराच वेळ.
वीतभर उघडली.
बाहेरून झळ आली, भट्टीसारखी,
आणि तिच्या मागोमाग
खोलीतली हवा हलली.