टाइमकीपर

वादविवाद मंडळात मला घेतलं ते घंटीसाठी.
पितळेची, हॉटेलच्या काउंटरवर असते तसली,
बुडाला कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीचं अर्धं सोललेलं स्टिकर.
तीन मिनिटांना एकदा दाबायची, चार मिनिटांना दोनदा.
त्यापुढे कुणी बोलत राहिलं
तर दर पाच सेकंदांना अर्धा गुण कापायचा,
माझ्या वहीत, माझ्या अक्षरात.

मंगळवारी वादविवाद, गुरुवारी कॉयर.
फाहाहीलच्या त्या शाळेत सभागृह एकच,
खुर्च्या तेवढ्या फिरवायच्या.
कीबोर्डच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या
म्हणून शर्ली मॅडम सूर एसीकडून घ्यायच्या.
"ऐका," म्हणायच्या, हात वर करून,
आणि आम्ही चाळीसजण छताला कान लावून उभे.
ती घरघर काळी एकच्या जरा खाली.
तिथून आम्ही आल्टो, आमच्या डोक्यावरून सोप्रानो,
आणि मागच्या ओळीत चार मुलगे,
ज्यांचे आवाज त्याच वर्षी फुटले होते
आणि अजून सांधले नव्हते.

सुहैल परकार त्या चारांतला.
गाव खेडजवळ, म्हणजे आजोबांचं; तो जन्मला अहमदीत.
शाळेत इंग्रजी सोडून बोललं तर पाव दिनार दंड.
आम्ही बोलायचो.
"काय गो, आज किती सेकंद खाल्लेस माझे?"
"एकही नाही. तूच शब्द चघळत बसतोस."
एवढंच.
याला कुणी काही नाव देऊ नये.

अंतिम फेरीच्या दिवशी बाहेर तौझ.
हवेचा रंग जुन्या पोस्टकार्डाचा,
खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल, तरी दातांखाली कचकच.
चिठ्ठी निघाली:
माणसानं उतारवयात आपल्या गावी परतावं.
सुहैलला बाजू आली विरोधाची.
त्याच्या वडिलांची अकामा जूनपर्यंतच होती, पुढे नाही.
हे शिपायापासून सगळ्यांना माहीत.
त्यांच्या हॉलमध्ये खोके लागले होते,
एकावर त्याच्याच अक्षरात "मिक्सर, जपून".

तो उभा राहिला.
म्हणाला, माझे वडील समुद्रातून मीठ काढतात.
एकोणतीस वर्षं. या शहराच्या नळाला
जे येतं, ते त्यांच्या पाळीतून येतं.
परीक्षक महोदय, तुमच्या हातातल्या ग्लासातलंही.
त्या पाण्याला कुणी विचारलंय,
तुझं गाव कोणतं?

जरा फिल्मीच होतं.
आकडाही चुकीचा, सत्तावीस वर्षं झालेली.
पण परीक्षकांनी ग्लास खाली ठेवला
आणि पुन्हा उचलला नाही.

चार मिनिटं.
माझं बोट बटणावर.
तो मध्येच थांबला होता,
तोंड उघडं, एक शब्द येता येत नव्हता,
कुठल्या भाषेतला कोण जाणे.
वर एसी आपल्या सुरात.
काटा पाचावर. काटा दहावर.
मी दाबली नाही.
अकराव्या सेकंदाला तो म्हणाला, "इतकंच,"
चक्क मराठीत, माइकवर,
आणि बसला.
मग मी दोनदा वाजवली, रिकाम्या स्टँडसाठी.
वहीत लिहिलं: ४.००.

तरीही ते दीड गुणांनी हरले.
आणि मराठीचा पाव दिनार त्याने भरला,
सुट्टे नाणे, माझ्या टेबलावर ठेवून गेला,
जणू दंड मीच गोळा करते.

सप्टेंबरमध्ये मागच्या ओळीत तिघे.
उन्हाळ्यात सभागृहाला नवे एसी बसले होते,
पांढरे, सडपातळ, अजिबात न बोलणारे.
मॅडमनी सवयीने हात वर केला. "ऐका."
आम्ही ऐकलं.
बाहेर बस मागे घेत होती, तिची पीप पीप.
कुणाची तरी पाण्याची बाटली घरंगळली.
बाकी काही नाही.
हात तसाच वर,
मॅडमना तो खाली कसा आणावा ते कळेना.

तेव्हा मी सूर दिला.
काळी एक, जरा खाली.

"थोडा वर घे," मॅडम म्हणाल्या.

मी तिथेच धरून ठेवला.