आईकडून

बीटाच्या शेतात चर खणताना
खोऱ्याला आधी बूट लागला.
तो बेल्जियन शेतकरी सांगतो,
इंजिन बंद केलं, टोपी काढली,
मग पुढं काय करायचं सुचेना
म्हणून बांधावर बसून डब्यातला पाव खाल्ला.

कुणीतरी पुरलं होतं नीट.
हात छातीवर, अंगावर ब्लँकेट.
वरची खूण तेवढी गेली
पुढच्या कुठल्यातरी तोफगोळ्यात.

बूट डावा. टाचेला सीलच्या कातड्याचं ठिगळ,
घरी मारलेलं, टाके उलट्या हाताचे.
पलटणीचे चांभार असे टाके घालत नाहीत.
शेजारी एक बटण, त्यावर शिंगांचं डोकं.
एवढ्यावरून, समुद्राच्या या बाजूला,
सेंट जॉन्समधल्या माझ्या टेबलावर
तीन नावं आली:
लेव्ही स्पुरेल. एनॉस टक. गार्लंड फिफील्ड.
एकाच रात्री गस्तीला गेलेले.

मला वाटायचं,
आडनावाचं बोट धरून चालत गेलं
की माणूस सापडतो.
पण हाडाला आडनाव नसतं.
शंभर वर्षं ओल्या मातीत राहून
त्यात जे वाचण्याजोगं उरतं
ते आईकडून आलेलं,
तिला तिच्या आईकडून.
लेव्हीच्या भावाचे पणतू टोरांटोत ढिगानं आहेत.
एकानं फोटो पाठवला, हनुवटीच्या खळीसकट
हुबेहूब लेव्ही.
त्याला मी आभाराचं पत्र लिहिलं. दुसरा काही उपयोग नव्हता.

मला हवी होती लेव्हीची बहीण,
बहिणीची लेक, त्या लेकीची लेक.
आणि बायका कागदावर सापडत नाहीत.
माहेरचं नाव दाराबाहेर काढून ठेवतात
चिखलाच्या बुटांसारखं,
आणि आत जातात.
चर्चची वही जळालेली.
थडग्यावर नुसतं: आणि त्याची पत्नी.
लेव्हीची केझाया अखेर मला भेटली
एका व्यापाऱ्याच्या उधारीच्या खात्यात:
पीठ अर्धं पिंप, बदल्यात
लोकरी हातमोजे सहा जोड.
पलीकडच्या किनाऱ्यावर दिलेली.
तिथून पुढं तीन लग्नं, तीन आडनावं,
आणि एक निळं दार.

दारात मरीना हिस्कॉक, वय चौऱ्याऐंशी.
सव्वीस वर्षं मासळीच्या कारखान्यात,
कॉड संपले त्या साली घरी बसलेली.
चहात डब्याचं दूध ओतून तिनं विचारलं,
"म्हणजे तुला माझी थुंकी पाहिजे?"
मी म्हटलं, गालाच्या आतून, कापसाची काडी फिरवायची फक्त.
"इतक्या लांबून आलीस, आणि माझं उष्टं नेणार."
हसताना तिची कवळी हलली.
मग बुटाचा फोटो खिडकीशी नेऊन
बराच वेळ पाहिला.
"आमच्यात असे टाके कुणी घालत नव्हतं."
मी ते टिपून घेतलं नाही.
टाके हा पुरावा नसतो.

चौदा आठवड्यांनी अहवाल आला.
नाही. तो लेव्ही नाही.

हे फोनवर सांगू नये, म्हणून पुन्हा गेले.
चार तासांचा रस्ता, वाटेत बर्फ.
वाक्यं जुळवत गेले होते,
तिनं एकही पुरं होऊ दिलं नाही.
"म्हणजे आमचा अजून बाहेरच आहे,"
ती म्हणाली, जसं एखाद्याला
जेवायला यायला उशीर झालाय.
मग एप्रनला हात पुसले.
"आणि हा? हा मग कुणाचा?"

मी उरलेली दोन नावं सांगितली.
"टक," ती म्हणाली. "टक.
एफी माझ्या शेजारी उभी असायची, चार नंबरच्या पट्ट्यावर.
तिच्या आईची आई टकांची. आईकडूनच, बरं का.
आणि एफी डावखुरी. मासा उलटा कापायची,
मुकादम ओरडायचा."

भिंतीवरचा फोन तिनं उचलला,
नंबर पाठ होता.
पलीकडं वाजत राहिलं.
"गुडघे गेलेत तिचे," मरीना म्हणाली,
रिसीव्हरवर हात ठेवून.
"थांब जरा. वेळ लागतो तिला उठायला."